अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य: कमी खर्चात संतुलित कसे ठेवायचे

अंड्यावरच्या कोंबड्यांवर होणाऱ्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे काटकसर करायची म्हटली की पहिला हात खाद्याच्या पोत्यालाच लागतो. नवीन माणूस तयार लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी बनवलेल्या खाद्यात, मका नाहीतर कोंडा मिसळतो, पोते आठवडाभर जास्त पुरते आणि बचत झाल्यासारखी वाटते. मग अंडी कमी होतात, पण त्याचे खापर हवामानावर फुटते.

म्हणून सुरुवातीलाच माप बदला. खाद्याचा किलोमागचा भाव न बघता एक डझन अंड्यांना किती खाद्य लागले ते बघा. १०० कोंबड्या रोज प्रत्येकी ११० ग्रॅम खाऊन ८० अंडी देत असतील, तर डझनाला १.६५ किलो खाद्य लागते. तेवढेच खाऊन ६० अंडी दिली तर डझनाला २.२ किलो लागते. म्हणजे खाद्याचा भाव एक-चतुर्थांशाने खाली आणला आणि त्यापायी अंडी ८० वरून ६० वर आली, तर डझनाचा खर्च होता तिथेच राहिला आणि विकायला रोज वीस अंडी कमी झाली. पुढच्या सगळ्या पायऱ्या या हिशोबावर उभ्या आहेत.

पायरी १: कोंबडीची रोजची गरज समजून घ्या

मध्यम वजनाची संकरित कोंबडी रोज १०० ते १२० ग्रॅम खाते. लहान चणीच्या गावठी जातींना ८० ते ९० ग्रॅम पुरते. एवढ्या खाद्यातून तिला स्वतःचे शरीर सांभाळून साधारण ५५ ग्रॅमचे अंडे तयार करायचे असते. त्यासाठी खाद्यात पुढील गोष्टी हव्यात:

- प्रथिने १६ ते १७ टक्के
- ऊर्जा किलोमागे २,६०० ते २,८०० किलोकॅलरी
- कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के
- पचण्याजोगे फॉस्फरस ०.३५ ते ०.४ टक्के
- लायसीन ०.७ ते ०.८ टक्के, मिथिओनिन ०.३५ टक्क्यांच्या आसपास (हे दोन्ही प्रथिनांचे घटक)
- मीठ ०.३ ते ०.४ टक्के
- जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे

यात नवख्याच्या नजरेतून हमखास सुटते ते कॅल्शियम. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. म्हणून रोज ४ ग्रॅम पोटात जायला हवे. कोणत्याही धान्यात इतके कॅल्शियम नसते. मक्यात तर ते नावालाच असते.

आता वर सांगितलेल्या मका मिसळण्याचे काय होते ते पाहा. १६ टक्के प्रथिने आणि ३.८ टक्के कॅल्शियम असलेले खाद्य ११० ग्रॅम खाल्ले की कोंबडीला १७.६ ग्रॅम प्रथिने आणि ४.२ ग्रॅम कॅल्शियम मिळते. त्यातले ४० ग्रॅम खाद्य काढून तितका मका दिला, तर प्रथिने १४.६ ग्रॅम आणि कॅल्शियम २.७ ग्रॅमवर येते. कोंबडीचे पोट भरलेले असते, ती तुकतुकीतही दिसते, कारण ऊर्जा वाढलेली असते. पण ती ऊर्जा चरबी होऊन पोटात आणि यकृतात साठते. कवचासाठी कमी पडलेले कॅल्शियम ती आपल्या हाडांतून काढते, आणि तेही संपले की अंडे देणे थांबवते.

पायरी २: वयाप्रमाणे खाद्य बदला

पिलांना पहिले ८ आठवडे सुमारे २० टक्के प्रथिनांचे खाद्य द्या. त्यानंतर पहिले अंडे येईपर्यंत तलंगांना (वाढत्या माद्यांना) १५ ते १६ टक्के प्रथिने पुरतात, आणि त्या खाद्यात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपासच असावे. अंडी लवकर सुरू व्हावीत म्हणून तीन महिन्यांच्या तलंगांना लेयर खाद्य घालणारे बरेच असतात. त्याने अंडी लवकर येत नाहीत. जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडावर ताण आणते आणि असे पक्षी पुढे ऐन अंड्यावर असताना मरू शकतात. साधारण १८ आठवड्यांनंतर, तुरे लाल होऊन पहिली अंडी दिसू लागली की लेयर खाद्यावर आणा. हा बदल एका दिवसात करू नका. आठवडाभर जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत न्या.

पायरी ३: तयार खाद्य, कॉन्सन्ट्रेट की स्वतःचे मिश्रण?

कोंबड्या दहा-वीसच असतील तर तयार लेयर खाद्य घेणे शहाणपणाचे. दहा कोंबड्यांना महिन्याला ३३ किलो खाद्य लागते. तेवढ्यासाठी आठ जिन्नस आणणे, साठवणे आणि ग्रॅमवर मोजणे यात जी नासाडी होते, तिच्यात बचत संपते.

स्वतःचे धान्य असेल तर मधला मार्ग चांगला: लेयर कॉन्सन्ट्रेट विकत घ्यायचे आणि त्यात आपला भरडलेला मका नाहीतर ज्वारी मिसळायची. कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रथिने, खनिजे, जीवनसत्त्वे आधीच घातलेली असतात. किती धान्य मिसळायचे ते पोत्यावर लिहिलेले असते, आणि त्याबाहेर जायचे नाही. कॅल्शियमसाठी शिंपल्याचा चुरा वेगळा घालायचा की नाही हेही तिथेच वाचून घ्या, कारण काही कॉन्सन्ट्रेटमध्ये तो असतो, काहींत नसतो.

पन्नासाच्या पुढे पक्षी असतील, कच्चा माल ठोक भावाने मिळत असेल आणि साठवायला कोरडी जागा असेल, तर स्वतः मिश्रण करणे परवडते. पुढचे तीन टप्पे त्यांच्यासाठी आहेत.

पायरी ४: कच्चा माल ओळखा

*धान्ये.* पिवळा मका हा पाया. प्रथिने ८.५ ते ९ टक्के, ऊर्जा भरपूर, आणि बलकाला पिवळा रंग देणारे घटकही त्यातच. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी यांपैकी जे स्वस्त असेल ते मक्याच्या जागी काही प्रमाणात चालते. बाजरीत प्रथिने मक्यापेक्षा थोडी जास्त असतात. धान्य बदलले की बलक फिका पडतो, त्यात पोषणाची काही कमतरता नसते. गिऱ्हाइकाला मात्र फिका बलक आवडत नाही, म्हणून अशा वेळी हिरवा पाला वाढवा.

*पेंडी.* तेल काढलेली सोयाबीन पेंड सर्वांत भरवशाची: प्रथिने ४४ ते ४६ टक्के आणि लायसीन चांगले. ती महाग वाटली की लोक शेतातले कच्चे सोयाबीन भरडून घालतात. ते करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, त्यामुळे महागडी प्रथिने विष्ठेतून निघून जातात. घरचे सोयाबीन वापरायचेच असेल तर दाणा आतपर्यंत भाजला गेला पाहिजे आणि कच्चा वास पूर्ण गेला पाहिजे.

भुईमूग पेंडीत प्रथिने सोयाच्या जवळपास, पण लायसीन आणि मिथिओनिन कमी, आणि बुरशीचे विष असण्याचा धोका सर्वांत जास्त. ताजी, कोरडी मिळाली तर सोयाच्या निम्म्यापर्यंतच जागा तिला द्या. सूर्यफूल पेंडीत प्रथिने सुमारे ३० टक्के आणि तंतू जास्त. १०० किलोत ८ ते १० किलो चालते. सरकी पेंडीने साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी होतो. मोहरी पेंडीने, विशेषतः तपकिरी अंडी देणाऱ्या जातींत, अंड्याला माशासारखा वास येऊ शकतो. या दोन्ही नवख्याने टाळलेल्या बऱ्या. एरंडी पेंड विषारी आहे, ती खाद्याच्या खोलीतसुद्धा ठेवू नये.

*कोंडा.* राईस पॉलिशमध्ये (तांदूळ पॉलिश करताना निघणाऱ्या बारीक कोंड्यात) १२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि चांगले तेल असते, म्हणून ऊर्जाही मिळते. पण त्याच तेलामुळे ते लवकर खवट होते. चिमूटभर जिभेवर ठेवा. कडवट लागले तर परत करा. तेल काढलेला कोंडा टिकतो, पण त्यात ऊर्जा बरीच कमी. गव्हाचा कोंडा थोडा, भर म्हणून. भुशाची भेसळ ओळखायची तर मूठभर कोंडा हळूच फुंकून पाहा, हलका भुसा उडून वेगळा होतो.

*सुकी मासळी.* उत्तम प्रथिने आणि मिथिओनिन. मात्र वाळू आणि मीठ मिसळलेली मासळी बाजारात सर्रास दिसते. पेलाभर पाण्यात मूठभर टाकून ढवळा, वाळू तळाशी बसते. १०० किलोत ५ किलोच्या आत ठेवा, नाहीतर अंड्याला वास येतो. मासळी घातली की वरचे मीठ निम्मे करा.

*कॅल्शियम आणि फॉस्फरस.* शिंपल्याचा चुरा आणि चुनखडी या दोन्हींत सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते आणि सगळ्या खाद्यात ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. यात काटकसर करणे मला समजत नाही. चुऱ्यावर व्हिनेगर ओतून पाहा: खरा असेल तर फसफसून हळूहळू विरघळतो, वाळू तशीच राहते. घराला लावायचा चुना वेगळा, तो कोंबडीला द्यायचा नसतो. फॉस्फरससाठी डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) पावडर लागते, कारण धान्य-पेंडीतल्या फॉस्फरसचा साधारण एक-तृतीयांश भागच कोंबडीला पचतो.

प्रथिने स्वस्त कुठे मिळतात हे ठरवताना पोत्याचा भाव एकमेकांशी ताडू नका. भावाला प्रथिनांच्या टक्क्यांनी भागा. ३० टक्क्यांची सूर्यफूल पेंड ४५ टक्क्यांच्या सोया पेंडीच्या दोन-तृतीयांश भावात मिळाली, तर प्रथिने एकाच भावात पडली. वर तंतू जास्त आणि लायसीन कमी, म्हणजे प्रत्यक्षात तोटाच. दोन-तृतीयांशाच्या बरीच खाली आली तरच घ्या.

पायरी ५: प्रमाण काढा

चौकटीचा हिशोब कागदावर दोन मिनिटांत होतो. १०० किलो खाद्यात साधारण ११ किलो शिंपला, खनिजे आणि मीठ जाते, त्यात प्रथिने नसतात. उरलेल्या ८९ किलोंनी सगळी १६ किलो प्रथिने पुरवायची, म्हणजे त्या भागात १८ टक्के हवीत. धान्य ९ टक्क्यांचे, पेंड ४५ टक्क्यांची. आता वजाबाकी तिरपी करा: ४५ मधून १८ गेले, २७ उरले, हे धान्याचे भाग. १८ मधून ९ गेले, ९ उरले, हे पेंडीचे भाग. म्हणजे तीन भाग धान्याला एक भाग पेंड. ८९ किलोत धान्य ६६.७५ आणि पेंड २२.२५ किलो.

कोंडा धरून पूर्ण मिश्रण असे बसते (१०० किलोसाठी, कंसात १० किलोसाठी):

- मक्याचा भरडा ५५ किलो (५.५ किलो)
- सोयाबीन पेंड २२ किलो (२.२ किलो)
- राईस पॉलिश १२ किलो (१.२ किलो)
- शिंपल्याचा चुरा ९ किलो (९०० ग्रॅम)
- डीसीपी १.२ किलो (१२० ग्रॅम)
- मीठ ३५० ग्रॅम (३५ ग्रॅम)
- जीवनसत्त्व-खनिज प्रिमिक्स ३५० ग्रॅम (३५ ग्रॅम)
- मिथिओनिन १०० ग्रॅम (१० ग्रॅम)

यात प्रथिने १६ टक्के, कॅल्शियम ३.८ टक्क्यांच्या आसपास आणि ऊर्जा सुमारे २,६५० किलोकॅलरी येते. प्रिमिक्सचे प्रमाण पाकिटावर वेगळे असेल तर पाकिटाचे ऐका, आणि फरक मक्यात भरून काढा.

मका आणि सोया दोन्ही चढ्या भावात असतील तेव्हा: मका ४०, ज्वारी १४, सोया पेंड १७, सूर्यफूल पेंड ८, राईस पॉलिश १० किलो, आणि शिंपल्यापासून पुढचे सगळे वरच्याप्रमाणेच. प्रथिने १६ टक्केच राहतात, ऊर्जा थोडी उतरते, म्हणून कोंबड्या किंचित जास्त खातात. डझनाचा हिशोब मांडूनच हे मिश्रण पुढे चालू ठेवायचे की नाही ते ठरवा.

प्रिमिक्स आणि मिथिओनिन किलोमागे महाग दिसतात, म्हणून यादीतून पहिली कात्री त्यांनाच लागते. पण मिथिओनिन काढले तर तेवढीच गरज भागवायला पेंड कितीतरी वाढवावी लागते. शंभर ग्रॅमची ती पुडी सगळ्या मिश्रणात सर्वांत जास्त बचत करून देते.

उन्हाळ्यात कोंबडी कमी खाते. खाणे ९० ग्रॅमवर आले तर १६ टक्क्यांच्या खाद्यातून तिला १४.४ ग्रॅमच प्रथिने मिळतात. म्हणून कडक उन्हात मका ५ किलो कमी करून तेवढी सोया पेंड वाढवा, प्रथिने १८ टक्क्यांच्या जवळ जातात. त्याच हिशोबाने शिंपलाही वेगळ्या भांड्यात भरपूर ठेवा. थंडीत उलट होते, ऊर्जेसाठी त्या जास्त खातात, तेव्हा मका थोडा जास्त असलेला चालतो.

पायरी ६: दळा आणि मिसळा

मका पिठासारखा बारीक दळू नका. २ ते ३ मिलिमीटरचा भरडा हवा. बारीक पीठ चोचीला चिकटते, पाण्यात जाते, आणि कोंबड्या मोठे दाणे निवडून ते मागे ठेवतात. मागे राहिलेल्या त्या पिठातच मीठ, प्रिमिक्स आणि मिथिओनिन असते.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा. मीठ, प्रिमिक्स, मिथिओनिन आणि डीसीपी आधी २ किलो भरड्यात हाताने एकजीव करा. ते १० किलो भरड्यात मिसळा. मग बाकीचा ढीग करून त्यावर पसरा आणि फावड्याने सगळा ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागी चार-पाच वेळा पालटा. थेट १०० किलोवर ३५० ग्रॅम मीठ भुरभुरले तर एखाद्या फीडरमध्ये मिठाचा खडा आणि दुसऱ्यात शून्य, असे होते. मीठ जास्त झाले की कोंबड्या पाणी पीत सुटतात आणि विष्ठा पातळ होते. फार झाले तर मरतात. मोजायला ग्रॅमचा छोटा काटा घ्याच. मुठीने आणि चमच्याने हे काम होत नाही.

एका वेळी तीन-चार आठवडे पुरेल एवढेच मिसळा. त्यापुढे जीवनसत्त्वांचा जोर उतरतो आणि पॉलिश खवटते.

पायरी ७: शिंपला कसा आणि कधी

कवच चढायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो, जेव्हा कोंबडी काही खात नाही. पिठासारखी चुनखडी संध्याकाळपर्यंत पोटातून निघून गेलेली असते. २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे मात्र पेषणीत (पोटाच्या खाद्य दळणाऱ्या भागात) रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. म्हणून एकूण शिंपल्यापैकी दोन भाग जाडसर आणि एक भाग बारीक ठेवा. शिवाय एका वेगळ्या भांड्यात जाडसर चुरा कायम असू द्या. ज्या कोंबडीला गरज असते ती दुपारनंतर येऊन टिपते, बाकीच्या फिरकत नाहीत.

घरातली अंड्यांची टरफले वापरता येतात. ती धुवा, वाळवा, तव्यावर किंवा भट्टीत चांगली तापवा आणि टरफल ओळखू येणार नाही इतकी बारीक करा. न तापवता दिली तर रोगजंतू फिरून खाद्यात येतात. मोठे तुकडे दिले तर अंडी फोडून खायची सवय लागू शकते. सगळी गरज टरफलांवर भागत नाही, कारण खाल्लेली आणि विकलेली अंडी परत येत नाहीत.

बारीक खडी ही वेगळी गोष्ट आहे. अख्खे धान्य किंवा पाला खाणाऱ्या कोंबडीला ते पेषणीत दळायला न विरघळणारे कठीण खडे लागतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते स्वतः शोधतात, बंदिस्त असतील तर मूठभर ठेवा. खडीने कॅल्शियम मिळत नाही आणि शिंपल्याने दळण होत नाही.

पायरी ८: घरचे उरलेले आणि हिरवा पाला

दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे कोंबडीमागे १० ते १२ ग्रॅम सुके वजन धरून, उरलेसुरले चालते. ते दुपारनंतर द्या, सकाळी मुख्य खाद्य पोटात गेल्यावर. सकाळीच भात-भाकरीचे तुकडे टाकले की पोट त्यावर भरते. खारट, तळलेले, आंबलेले, बुरशी आलेले काही नको. हिरव्या पडलेल्या बटाट्याच्या साली, कच्ची वाळलेली कडधान्ये, अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट वर्ज्य.

लसूणघास, पालेभाज्यांचे देठ, गवताची कोवळी पाती यांनी बलकाला रंग येतो, जीवनसत्त्वे मिळतात आणि बंदिस्त कोंबड्या एकमेकींना टोचण्याऐवजी पाल्यात गुंततात. जुडी बांधून डोक्याच्या उंचीवर टांगा. मात्र पाल्याने खाद्य अर्धे वाचते असे जे सांगितले जाते, त्यावर विसंबू नका. अझोल्याचे, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या छोट्या वनस्पतीचे, उदाहरण घ्या: सुक्या अझोल्यात प्रथिने २० ते २५ टक्के असतात हे खरे, पण ताज्यात ९३ ते ९५ टक्के पाणी असते. १०० ग्रॅम ताजा अझोला खाऊन कोंबडीला सव्वा-दीड ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढी ३ ग्रॅम सोया पेंडीतून मिळतात. अझोला जरूर वाढवा, पण पूरक म्हणून, आणि त्यावर खाद्यात केलेली कपात पाच टक्क्यांच्या पुढे नेऊ नका.

अळ्या आणि गांडुळे ही वेगळी बाब. काळ्या सैनिक माशीच्या सुक्या अळ्यांत प्रथिने सुमारे ४० टक्के असतात, आणि जैविक कचऱ्यावर त्या वाढवता येतात. जिथे हे जमते तिथे पेंडीचा खर्च खरोखर उतरतो.

पायरी ९: सांडणे थांबवा

सगळ्यांत सोपी बचत इथे आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. फीडर काठोकाठ भरला की कोंबडी चोचीने खाद्य बाजूला उडवते. एक-तृतीयांश भरा. फीडरचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर असावा आणि आतल्या बाजूला वळलेला असावा. लांब फीडर असेल तर प्रत्येक पक्ष्याला १० सेंटीमीटर जागा द्या, नाहीतर दुबळ्या कोंबड्या उपाशी राहतात आणि अंड्यांची सरासरी खाली येते.

खाद्य सकाळी आणि दुपारनंतर, दोनदा द्या. मधे तासभर फीडर रिकामा होऊ द्या, म्हणजे तळाचे बारीक पीठही खाल्ले जाते. अंड्यावरच्या कोंबडीला मोजून उपाशी ठेवू नका. फीडरखाली एक दिवस ताडपत्री अंथरून सांडलेले तोला. दहा कोंबड्यांमागे ५० ग्रॅम जरी निघाले तरी ती एका कोंबडीची निम्मी खुराक आहे. रात्री फीडर उचलून ठेवा, उंदीर खातात त्याहून जास्त नासवतात.

पायरी १०: साठवण

पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. मक्यातला ओलावा १३ टक्क्यांच्या खाली हवा. घरच्या घरी तपासायचे तर कोरड्या बरणीत मूठभर मका आणि दोन चमचे कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटले तर मका ओला आहे, वाळवल्याशिवाय साठवू नका.

बुरशी आलेले धान्य स्वस्तात मिळते. ते घेऊ नका, उन्हात वाळवून, धुऊन किंवा भाजूनही नाही. बुरशी दिसेनाशी होते, पण अफ्लाटॉक्सिन हे तिचे विष भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. ते यकृत खराब करते आणि अंड्यांतही उतरते.

पायरी ११: पाणी

खाद्याच्या दुप्पट, म्हणजे दिवसाला २०० ते २५० मिली, उन्हात त्याच्याही दुप्पट. अंड्यात बहुतांश पाणीच असते. दुपारभर भांडे कोरडे राहिले तर पुढचे काही दिवस अंडी पडतात, आणि खाद्य कितीही उत्तम असले तरी ती भरून येत नाहीत. भांडे सावलीत ठेवा, रोज घासा.

काय बिघडले, कुठे पाहायचे

कवच पातळ किंवा अंडे मऊ: आधी शिंपला, त्याचा जाडपणा आणि धान्याचे प्रमाण पाहा. कॅल्शियम पुरेसे असेल तर प्रिमिक्स जुना झाला का ते तपासा, कारण जीवनसत्त्व ड नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. उष्णतेतही कवच पातळ होते, आणि म्हाताऱ्या कोंबड्यांचेही.

अंडी लहान: मिथिओनिन किंवा एकूण प्रथिने कमी. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची अंडी लहान असणारच, तिथे काही बदलू नका.

एकमेकींची पिसे उपटणे: मीठ घालायचे राहिले का, प्रथिने उतरली का, जागा दाटीची आहे का, या क्रमाने पाहा.

अंडी एकदम कमी: पाणी, खाद्यातला अचानक बदल, बुरशी. हे तिन्ही ठीक असेल तर उजेड मोजा. १४ ते १६ तास उजेड नसेल तर उत्तम खाद्यावरही अंडी घटतात. पिसे गळण्याचा काळ आणि खुडूक बसणे यात अंडी थांबतात, त्याला खाद्य जबाबदार नसते. मात्र पिसे नव्याने येताना प्रथिने कमी करू नका.

कोंबडी जड, पोट थुलथुलीत, अंडी कमी: धान्य जास्त होते आहे. वरून टाकला जाणारा मका बंद करा.

हे सगळे पकडायला एक वही पुरते. रोज तीन आकडे लिहा: घातलेले खाद्य, मिळालेली अंडी, जिवंत पक्षी. आठवड्याला खाद्याला अंड्यांच्या डझनांनी भागा. आकडा १.७ किलोच्या आसपास असेल तर मिश्रणाला हात लावू नका. २ किलोच्या वर सरकू लागला तर नवे पोते आणण्याआधी ताडपत्री अंथरून सांडलेले पुन्हा तोला, मग मिश्रणाकडे वळा.